चाकांवरच्या घरावरचं कर्ज आणि मंगळवारची मध्यरात्र

कॅलिफोर्नियातल्या सनीवेलहून एका ताईंचा प्रश्न आहे. तो लांबलचक आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढंच सांगते. त्या, त्यांचे यजमान आणि दोन मुलं एका मोबाईल होम पार्कमध्ये, म्हणजे कारखान्यातून चाकांवर आणलेल्या घरांच्या वसाहतीत राहतात. घर स्वतःचं, खालची जागा पार्कची, तिचं दरमहा भाडं वेगळं. घर घेताना काढलेल्या कर्जातले १,२०,००० डॉलर अजून फेडायचे आहेत. पुण्यातल्या धाकट्या दिराला फ्लॅटसाठी हातभार लावायचा म्हणून त्यांनी दुसऱ्या एका कंपनीकडून याच घरावर २,००,००० डॉलर घ्यायचं ठरवलं. त्यातून जुनं कर्ज मिटवायचं आणि उरलेले पुण्याला पाठवायचे. गुरुवारी, २ जुलै २०२६ ला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नोटरीसमोर सह्या झाल्या. मुलं झोपल्यावर कागद नीट वाचले, तेव्हा व्याजाचा दर आणि ब्रोकरची फी पाहून ताईंची झोप उडाली. शुक्रवारी सकाळी ब्रोकरला फोन केला, तर तो म्हणाला, “मोबाईल होम म्हणजे गाडीसारखंच. त्याला कॅन्सल करायचा नियम लागत नाही. आणि लागला असता तरी तीन दिवस रविवारी रात्री संपतात.” ताई विचारतात, हे खरं आहे का?

नाही. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. राहत्या घरावर मागाहून काढलेलं कर्ज सहीनंतर तीन दिवसांत रद्द करायचा हक्क अमेरिकेतला कायदा देतो, आणि तो तुम्हालाही आहे. हे कर्ज तुम्ही रद्द करू शकता, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, दंड पडत नाही, आणि तुमच्याकडे मंगळवार, ७ जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे.

मी वीस-एक वर्षं कर्ज देणाऱ्यांच्या बाजूला बसून क्लोजिंगचे, म्हणजे कर्जाच्या शेवटच्या सह्यांचे, कागद तपासले, आणि आता काही वर्षं घरमालकांच्या बाजूला बसून सल्ला देते. वकील नाही. पण हा एक विषय असा आहे की त्यात वकिलापेक्षा कॅलेंडर आणि पोस्टाची पावती जास्त कामाला येते. म्हणून आधी करायचं काय ते सांगते, कायदा मागाहून.

फोनवर “आम्हाला नको” म्हणणं कायद्याच्या लेखी शून्य आहे. लेखीच द्यावं लागतं. सह्यांच्या गठ्ठ्यात ‘नोटिस ऑफ राइट टू कॅन्सल’ नावाचं एक पान असेल. त्याच्या तळाशी ‘आय विश टू कॅन्सल’ अशी ओळ आणि खाली सही-तारखेची जागा असते. एका प्रतीवर सही करा, तारीख घाला, मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि ती पाठवा. पान सापडलं नाही तरी अडत नाही. साध्या कागदावर कर्जाचा नंबर, घराचा पत्ता आणि ‘हे कर्ज मी रद्द करत आहे’ एवढं इंग्रजीत लिहून सही केलीत तरी पुरतं. पत्ता फॉर्मवर छापलेला असतो तोच घालायचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीचा. ब्रोकरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र त्याच्या टेबलावर पडून राहिलं तर ते सिद्ध करत बसायचं काम तुमच्या गळ्यात येतं.

पोस्टाने पाठवलंत तर पत्र टाकलं तो क्षण धरतात. ते पोचायला चार दिवस लागले तरी हरकत नाही. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने दिलंत, म्हणजे हातपोच किंवा फॅक्स, तर ते मुदतीच्या आत तिथे पोचलं पाहिजे. म्हणून माझं मत नेहमी पोस्टालाच. सोमवारी सकाळी खिडकीवर जाऊन सर्टिफाइड मेल करा, रिटर्न रिसीट मागा, शिक्का मारलेली पावती घ्या. मंगळवारवर ढकलू नका, मंगळवारी मुलांना ताप येतो असा माझा अनुभव आहे.

त्या फॉर्मची एक गंमत. त्यावर आजही ‘मेल किंवा टेलिग्रामने’ असं छापलेलं असतं. अमेरिकेत वेस्टर्न युनियनने तारसेवा २००६ मध्ये बंद केली, आपल्याकडची २०१३ मध्ये गेली, पण या कागदावर तार अजून जिवंत आहे. पाहिलीत तर दचकू नका, फॉर्म बनावट नाही.

आता दिवस कसे मोजायचे, कारण ब्रोकर तिथेच घसरला. तीन दिवस म्हणजे तीन ‘बिझनेस डे’, आणि या कामापुरती त्या शब्दाची व्याख्या वेगळी आहे: रविवार आणि केंद्र सरकारच्या ठरलेल्या ११ सुट्ट्या सोडून बाकी सगळे दिवस. म्हणजे शनिवार मोजायचा. बँक बंद असली तरी मोजायचा. सहीचा दिवस मोजायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून सुरुवात. एरवी गुरुवारी सही झाली की शुक्रवार एक, शनिवार दोन, सोमवार तीन, आणि सोमवारच्या मध्यरात्री दार बंद. तुमच्या आठवड्यात ४ जुलै आला, आणि तोही शनिवारी. सरकारी कचेऱ्यांनी त्याची सुट्टी आदल्या दिवशी, शुक्रवारी घेतली. पण या हिशोबात ४ जुलै ही तारीखच सुट्टी धरतात, आदल्या दिवशी घेतलेली भरपाईची सुट्टी धरत नाहीत. म्हणून शुक्रवार ३ तारीख हा पहिला दिवस. शनिवार गळला, रविवार गळला. सोमवार ६ दुसरा, मंगळवार ७ तिसरा. नववर्ष, ४ जुलै, ११ नोव्हेंबर, नाताळ आणि २०२१ पासून १९ जून, या तारखेला बांधलेल्या सुट्ट्या शनिवारी आल्या की असा घोळ होतो, आणि अनुभवी क्लोजिंग एजंटसुद्धा चुकतात. दिवाळीची सुट्टी आता इथल्या काही शाळांना मिळू लागली असली तरी या यादीत ती नाही.

आणखी एक. सही ही तीन घटनांपैकी फक्त एक आहे. दुसरी, रद्द करण्याच्या हक्काची नोटीस प्रत्येक मालकाला दोन प्रतींत मिळणं. तिसरी, कर्जाचे मुख्य आकडे बरोबर लिहिलेला कागद हातात पडणं. या तिन्हींपैकी जी सगळ्यात शेवटी घडेल, तिच्यापासून घड्याळ सुरू होतं. ताईंनी लिहिलंय की घराच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, दोघांची नावं आहेत, पण कर्ज एकट्या त्यांच्याच नावावर आहे. तरीही यजमानांना नोटीस मिळायला हवी, कारण छप्पर त्यांचंही तारण पडलं आहे आणि ते तिथे राहतात. दोघांच्या मिळून चार प्रती. गठ्ठ्यात दोनच निघाल्या, तर यजमानांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. आणि दोघांपैकी एकानेच सही करून रद्द केलं तरी कर्ज दोघांच्या वतीने रद्द होतं. उलट, सहा महिने राहायला आलेले सासू-सासरे टायटलवर नसतील तर त्यांचा यात काही संबंध नाही.

आता गाडीच्या मुद्द्याकडे येते. हा गैरसमज ब्रोकरने हवेतून काढलेला नाही, त्याला आधार आहे. म्हणूनच तो इतका टिकतो. कॅलिफोर्नियात पार्कमधल्या अशा घराचं टायटल काउंटीच्या जमिनीच्या दफ्तरात नसतं. ते राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, ज्याला सगळे एचसीडी म्हणतात, तिथे नोंदलेलं असतं. त्यावर राहणारा ‘रजिस्टर्ड ओनर’ आणि कर्ज देणारा ‘लीगल ओनर’ असतो, अगदी गाडीच्या कागदासारखं. कर्जालाही ‘चॅटल लोन’ म्हणतात, म्हणजे जंगम वस्तूवरचं कर्ज. घराखाली पोलादी चासी असते, कारखान्यातून ते चाकांवर येतं. (१५ जून १९७६ नंतर बांधलेल्या घरांना सरकारी भाषेत ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणतात, त्याआधीची ती मोबाईल होम. बोलताना हा फरक कुणी पाळत नाही, मीही पाळणार नाही.) हे सगळं पाहिल्यावर माणसाला वाटणारच की घराचे कायदे इथे लागत नसतील.

पण हा हक्क जमिनीशी बांधलेलाच नाही. ‘ट्रुथ इन लेंडिंग’ कायदा आणि त्याखालचा रेग्युलेशन झेड नावाचा नियम ‘ड्वेलिंग’ म्हणजे राहतं घर एवढंच पाहतो. एक ते चार घरांची इमारत, जमिनीला जोडलेली असो वा नसो. कॉन्डो, को-ऑपमधली खोली, मोबाईल होम, ट्रेलर, इतकंच काय राहती होडीसुद्धा, जर माणूस खरोखर तिथे राहत असेल तर. शनिवार-रविवार डोंगरात न्यायची आरव्ही, म्हणजे सहलीची घर-गाडी, यात नाही. पण तुम्ही बारा महिने ट्रेलरमध्ये राहता, तेच तुमचं घर आहे, तर तो ट्रेलर यात येतो. प्रश्न चाकांचा नाही, अंथरूण कुठे पडतं याचा आहे.

खरी मेख दुसरीकडे आहे, आणि ती ब्रोकरने सांगितलीच नाही. राहतं घर विकत घेण्यासाठी किंवा पहिल्यांदा बांधण्यासाठी काढलेलं, त्याच घराच्या तारणावरचं कर्ज रद्द करता येत नाही. हे बंगल्याला लागू आहे तसंच मोबाईल होमला, आणि विक्रेत्याकडून हप्त्याने घेतलेल्या घरालाही. त्यामुळे तुम्ही हे घर पहिल्यांदा घेतलं तेव्हाच्या कर्जाला हा हक्क नव्हता. त्या वेळी कुणी तुम्हाला ‘कॅन्सल करता येत नाही’ असं सांगितलं असेल तर ते बरोबर सांगितलं होतं. बहुधा तेच वाक्य ऐकून ऐकून लोक ‘मोबाईल होमला नियमच नाही’ इथपर्यंत येतात. घर घेताना नाही. घरात राहायला लागल्यावर त्याच्यावर कर्ज काढलं की आहे.

या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत काही प्रकार पडतात. मोबाईल होम विकणारा एकाच कर्जात घर आणि बाहेरचा डेक, खालचं स्कर्टिंग, एसी असं सगळं घालून देतो. सगळं मिळून एकच व्यवहार असेल तर तो खरेदीचाच धरतात, हक्क नाही. पण तुम्ही राहायला गेलात आणि तीन महिन्यांनी डेकसाठी घरावर वेगळं कर्ज घेतलंत, तर त्याला हक्क आहे. आणखी एक प्रसंग आपल्या लोकांत वारंवार दिसतो. नवं घर मिळतंय, जुनं अजून विकलं गेलेलं नाही, म्हणून डाउन पेमेंटसाठी राहत्या जुन्या घरावर तात्पुरतं कर्ज काढतात. पैसे घर घ्यायलाच चालले आहेत, म्हणून लोक समजतात की हे खरेदीचं कर्ज. नाही, सध्याचं राहतं घर तारण पडलंय, म्हणून हे रद्द करता येतं.

ताई, तुमचं कर्ज वेगळ्या कंपनीकडून आहे, म्हणून पूर्ण २,००,००० चा व्यवहार रद्द होतो आणि जुनं १,२०,००० चं कर्ज जसंच्या तसं उभं राहतं. हेच तुम्ही जुन्याच कंपनीकडून केलं असतं, तर फक्त वाढीव रकमेपुरता हक्क मिळाला असता: नवी रक्कम, त्यातून बाकी मुद्दल, थकलेलं व्याज आणि रिफायनान्सचा (जुनं कर्ज मिटवून नवं घेण्याचा) खर्च वजा. म्हणजे ढोबळ ८०,००० च्या आतबाहेर. या दोन प्रकारांना दोन वेगळे फॉर्म आहेत आणि चुकीचा फॉर्म देणं ही कंपन्यांची जुनी खोड आहे. ‘जुनी कंपनी’ कोण हे ओळखताना एक चूक टाळा. तुम्ही हप्ता ज्यांना भरता ते बऱ्याचदा नुसते वसुली करणारे सर्व्हिसर असतात. मूळ कर्जाच्या वचनचिठ्ठीवर पैसे कुणाला द्यायचे म्हणून लिहिलंय, ते नाव बघा.

हा हक्क आला कुठून, हे थोडं सांगते, कारण त्यातून त्याचा स्वभाव कळतो. इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस १९६० पासून कर्जाचा खरा खर्च छापून द्यावा म्हणून सिनेटमध्ये धडपडत होते. त्यांच्यामागे विल्यम प्रॉक्समायर यांनी ते लावून धरलं, आणि मे १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. प्रतिनिधीगृहात लिओनोर सलिव्हन यांनी मूळ मसुद्यापेक्षा कडक कायदा मागितला. त्या काळी घराघरांत जाऊन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि छपरं विकणारे लोक गोड बोलून सही घ्यायचे, आणि त्या सहीखाली घरावरचं दुसरं तारण दडलेलं असायचं. घर गेल्यावरच ते कळायचं. तीन दिवसांची मुभा त्या फसवणुकीवरचा उतारा होती. म्हणूनच घर घेणाऱ्याला ती नाही (तो निदान महिनाभर विचार करत असतो), आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर सही करणाऱ्याला आहे.

म्हणूनच तीन दिवस संपेपर्यंत कंपनीने पैसे सोडायचे नाहीत, फार तर एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाकडच्या खात्यात, ठेवायचे, आणि कंत्राटदाराने काम सुरू करायचं नाही, सामान टाकायचं नाही. दुसऱ्याच दिवशी माणसं येऊन छपराचे पत्रे उघडतात, कारण छप्पर उघडं पडल्यावर कोण रद्द करणार. ही युक्ती १९६८ पेक्षा जुनी आहे. कंत्राटदार स्वतःच हप्त्याने पैसे घेत असेल तर करारात ‘घर तारण’ असे शब्द नसले तरी बघा. काम केल्याबद्दल राज्याच्या कायद्याने त्याचा घरावर आपोआप बोजा बसत असेल, तर रद्द करण्याच्या हक्कापुरता तोही तारण मानला जातो.

सह्यांच्या वेळी तुमच्याकडून ‘आम्ही रद्द केलेलं नाही’ अशा कागदावर पुढची तारीख घालून सही घेतली का, ते गठ्ठ्यात तपासा. मी ज्या एका कंपनीत पहिली नोकरी केली तिथे रिफायनान्सच्या लाटेत हे सर्रास चालायचं. सगळ्या सह्या एकाच बैठकीत, म्हणजे नोटरीला परत यायला नको. मी तेव्हा नवी होते, फायली लावत होते. तीन दिवसांनंतरच्या तारखेची सही पहिल्या दिवसाच्या शाईत दिसायची आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण सगळेच तसं करत होते. असा कागद निघाला तर घाबरून पत्र पाठवायचं थांबवू नका. मुदतीत गेलेलं तुमचं पत्रच महत्त्वाचं, आणि तो कागद फार तर कंपनीच्या कामाच्या पद्धतीचा पुरावा.

हक्क सोडून देता येतो, पण फक्त खऱ्याखुऱ्या वैयक्तिक आर्थिक आणीबाणीत, आणि छापील फॉर्मवर नाही. स्वतःच्या शब्दांत, आणीबाणी काय ते लिहून, तारीख घालून, हक्क असलेल्या सगळ्यांच्या सह्यांनी. दिराच्या बिल्डरचा हप्ता थांबलाय, हे त्यात बसवणं मला तरी अवघड दिसतं. ब्रोकरने सोमवारी असं पत्र लिहून मागितलं तर लिहू नका.

पत्र पोचल्यावर काय होतं? तारण रद्द होतं आणि तुमच्यावर कुठलीच रक्कम लागू राहत नाही, व्याजसुद्धा. पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत कंपनीने या व्यवहारात तुम्ही कुणालाही दिलेले पैसे परत करायचे: अर्जाची फी, अप्रेझल (घराच्या किमतीचा अंदाज), क्रेडिट रिपोर्ट, ब्रोकरची फी. अप्रेझर त्रयस्थ आहे, त्याचे पैसे त्याने घेतले, ही सबब चालत नाही. फक्त व्यवहाराबाहेर तुम्ही स्वतः कुठे खर्च केला असेल, उदाहरणार्थ नगरपालिकेच्या परवानगीची फी, तर तो परत येत नाही. नुसतं मुदतीआधी कर्ज फेडणं आणि रद्द करणं यातला फरक हाच. आपल्याकडे भारतात फ्लोटिंग दराचं गृहकर्ज दंडाशिवाय आधी फेडता येतं, ते चांगलंच आहे, पण प्रोसेसिंग फी गेली ती गेली. इथे तीही परत येते.

तुमच्या बाबतीत पैसे अजून सुटलेले नाहीत, म्हणून काम सोपं आहे. पैसे हातात पडल्यावर रद्द करणं ही वेगळी गोष्ट, आणि तिथे लोकांची मोठी फसगत होते. नोटीस मिळालीच नाही किंवा मुख्य आकडे चुकीचे होते, तर हक्क तीन दिवसांवर संपत नाही, तीन वर्षांपर्यंत लांबतो. घर विकलंत किंवा सगळी मालकी दुसऱ्याला दिलीत तर त्याआधीच संपतो. ‘आकडे चुकीचे’ म्हणजे एका डॉलरची चूक नव्हे. कर्जखर्चाचा एकूण आकडा, ज्याला फायनान्स चार्ज म्हणतात, तो कमी दाखवला असेल तर साधारण कर्जाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत सूट आहे. तुमच्या २,००,००० वर ती १,००० डॉलर होते. घरावर जप्ती सुरू झालेली असेल तर मात्र ती सूट फक्त ३५ डॉलरवर येते. तुमच्यासारख्या जमीन नसलेल्या घराच्या कर्जाला पाच पानी ‘क्लोजिंग डिस्क्लोजर’ येत नाही. त्यासाठी जुन्या पद्धतीचा ‘ट्रुथ इन लेंडिंग’चा तक्ता असतो. पाच पानी कागद मिळाला नाही, एवढ्यावरून हक्क लांबला असं समजू नका.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर दोन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. १९९८ मध्ये: तीन वर्षं संपली की हक्कच मेला, नंतर जप्तीच्या खटल्यात बचाव म्हणूनही तो उठत नाही. १३ जानेवारी २०१५ ला, न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालात: तीन वर्षांच्या आत लेखी पत्र पाठवलं की पुरे, त्याच मुदतीत खटलाही भरलाच पाहिजे असं नाही. त्या खटल्यातल्या जोडप्याने बरोबर तीन वर्षं भरली त्या दिवशी पत्र पाठवलं होतं.

पण पत्र पुरे याचा अर्थ पैसे फुकट असा नाही. कंपनीने तिची बाजू पूर्ण केली की तुम्हाला मुद्दल परत करावंच लागतं, आणि न्यायालय हा क्रम बदलून ‘आधी तुम्ही पैसे कुठून आणणार ते दाखवा’ असंही म्हणू शकतं. २००९-१० च्या मंदीत घर जायच्या बेतात असलेल्या लोकांना ‘तुमच्या कर्जाचं ऑडिट करून चूक काढून देतो, मग कर्ज रद्द’ असं सांगून हजारो डॉलर घेणारे निघाले होते. फेडरल ट्रेड कमिशनने तेव्हाच त्याबद्दल सावध केलं होतं. माझ्यासमोर बसलेल्या अशा एका गृहस्थांकडे ऑडिटचा जाड अहवाल होता, त्यात एक चूक खरीही होती. मुद्दल परत करायला पैसे मात्र नव्हते.

या निमित्ताने इतरांनीही विचारलेले दोन-तीन प्रश्न उरकते. घरावरच्या क्रेडिट लाइनला, हेलॉकला, खातं उघडताना हक्क आहे, नंतर मर्यादेच्या आत प्रत्येक वेळी पैसे काढताना नाही. मर्यादा वाढवली तर त्या वाढीला पुन्हा आहे. जर्सी सिटीत दोन मजली घराच्या एका मजल्यावर तुम्ही राहता आणि दुसरा भाड्याने दिलाय, तर ते तुमचं राहतं घर आहे, हक्क आहे. पूर्ण भाड्याने दिलेल्या घरावरच्या कर्जाला नाही, सुट्टीत जायच्या दुसऱ्या घराला नाही. आणि मोटेल किंवा दुकानाची फ्रँचायझी घ्यायला राहतं घर तारण ठेवलंत तरी नाही, कारण धंद्याचं कर्ज या कायद्याबाहेर आहे. हे शेवटचं आपल्या मंडळींना फार उशिरा कळतं. गाडी घेतली आणि तीन दिवसांत परत करायची आहे, असं विचारणारेही आहेत. हा नियम त्यासाठी नाही.

ताई, तुमच्याकडे परत येते. पत्र गेल्यावर २० दिवसांत कंपनीकडून काहीच हालचाल झाली नाही तर पावतीची प्रत जोडून पुन्हा लिहा, आणि कॅलिफोर्नियात कर्ज कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या डीएफपीआय खात्याकडे आणि केंद्राच्या सीएफपीबी या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेकडे तक्रार टाका. ब्रोकरशी फोनवर वाद घालू नका, जे बोलायचं ते ई-मेलवर.

आणि एक गोष्ट विसरू नका. जुनं कर्ज मिटणार या हिशोबाने तुम्ही जुलैचा हप्ता थांबवला असेल तर तो वेळेत भरून टाका. ते कर्ज मिटलेलं नाही. ऑगस्टच्या शेवटी एचसीडीकडून घराच्या टायटलची माहिती मागवा आणि ‘लीगल ओनर’च्या ओळीत जुन्या कंपनीचंच नाव आहे ना, ते पाहून घ्या.